आत्याचं पेंडिंग

मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गेले. तरीही आमच्या वस्तीत इंग्रजीचं काही अडलं की लोक माझ्याकडंच यायचे, कारण मी निदान नापास व्हायला तरी परीक्षेला बसले होते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सोलापूरहून आलेली तार, फवारणीच्या डब्यावरची कवटी, सगळं माझ्यापुढं यायचं. मी अंदाजानं सांगायची. माझ्या अंदाजानं तोवर कुणी दगावलं नव्हतं, म्हणून माझा दबदबा टिकून होता.

जळकोटच्या हमरस्त्यापासून आत तीन-चार मैलांवर आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. वडील रस्त्याच्या गँगवर कामाला. घरात आई, मी आणि वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या. आत्या बत्तीस-तेहतीसची असेल आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. पहिलं स्थळ आलं तेव्हा तिनं भर बैठकीत नवरदेवाला विचारलं, "तुमी पिता का?" त्याच्या वतीनं त्याच्या मामानं "कधीमधी" असं उत्तर दिलं. तेव्हा ही म्हणाली, "मग कधीमधीच नांदीन." दुसरा नवरदेव तिच्यापेक्षा वीतभर बुटका निघाला. तो उभा राहिल्यावर आत्याला वाटलं, अजून बसलेलाच आहे, आणि ती म्हणाली, "उठा की." तिसऱ्यांदा कुणी आलं नाही.

पेंडिंग हा शब्द गावात दुष्काळात आला. पोरांना खायला सुकडी आली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, टँकर आला, त्यांच्याबरोबर हाही आला. सोसायटीचे चेअरमन तालुक्याची मीटिंग करून परतले आणि एस्टीतून उतरता उतरता कुणीतरी विचारलं, "आपल्या गावाचं काय झालं?" चेअरमन घामाघूम झाले होते. धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "आपलं पेंडिंग हाय."

आता तो काळ असा, की जनावरांना चारा नव्हता. लोक घरावरचं जुनं पाचट काढून बैलांना घालत होते. अशात 'पेंड' एवढं ऐकू आल्यावर पुढचं कोण ऐकतंय? अर्ध्या तासात गावभर झालं, सोसायटीत पेंड आली. लोक पोती, घमेली, पाट्या घेऊन धावले. एक म्हातारा तर म्हशीलाच घेऊन आला, म्हणजे परस्पर खाऊ घालता येईल. आमच्या वस्तीतूनही मी आणि आत्या पोतं घेऊन गेलो आणि ओट्यापासून लांब उभ्या राहिलो.

चेअरमन ओट्यावर उभे राहून ओरडत होते, "अरे पेंड न्हाय, पेंडिंग! पेंडिंग!"

म्हातारा म्हणाला, "तेच द्या मालक. आमी कुठं भुईमुगाचीच मागतोय? कसली का असंना, ढोरं खातेत."

शेवटी चेअरमननी गर्दीतून मला हुडकून काढलं आणि अर्थ सांगायला लावला. मला अर्थ येत नव्हता. पण हायस्कुलात मास्तरांनी एकदा डिक्शनरीतून वाचून दाखवलेलं अंधुक आठवलं. मी म्हणाले, "पेंडिंग म्हणजे लोंबकळत असलेलं."

आत्यानं विचारलं, "वटवाघळावानी?"

"व्हय."

"मग ते खाली कधी येतंय?"

हे डिक्शनरीत नव्हतं.

लोक पोती झटकत, चेअरमनना शिव्या देत घरी गेले. शब्द मात्र गावातच राहिला, आणि चांगला रुळला. न्हावी म्हणायचा, तुमची हजामत पेंडिंग हाय. माहेरी येऊन बसलेली लेक सासरी पेंडिंग झाली. आभाळ येऊन नुसतं गडगडून गेलं, की लोक वर बघून म्हणायचे, साहेबानं सही केली न्हाय, पेंडिंग ठेवलं. देवालाही सोडलं नाही. एका घरचा तुळजापूरचा नवस राहिला होता, तर त्या घरची म्हातारी म्हणाली, आईचं आमच्याकडं पेंडिंग हाय आन आमचं आईकडं, फिटंफिट.

मग तो शब्द आत्यापर्यंत आला.

आमच्या वस्तीला पाणी नव्हतं. गावाच्या विहिरीवर आम्ही जायचो, पण पोहरा आम्ही टाकायचा नाही. आम्ही खाली घागरी मांडून बसायचं, आणि वरच्या बायकांचं भरून झालं, की त्यांच्यापैकी कुणाला दया आली तर ती वरून पाणी ओतायची. दया दुपारपर्यंत येत नसे. कायद्यानं हे केव्हाच बंद झालं होतं म्हणे, पण कायदा पाणी भरायला येत नव्हता.

एक दिवस आम्ही घागरी घेऊन पोचलो तशी काठावरची एक सोनाराची बाई हसून म्हणाली, "आली बघा खालच्यांची पेंडिंग."

सगळ्या हसल्या. मला रडूच आलं. आत्यानं घागर शांतपणे खाली ठेवली आणि म्हणाली, "व्हय बाई, माझं पेंडिंग हाय. तुमचं तर कवाच मंजूर झालं. मग तुमचा मालक बारा महिने सोलापुरातच का ऱ्हातो?"

त्या दिवशी आम्हाला पाणी मिळालं नाही. आत्या रिकामी घागर कमरेवर घेऊन अशी चालत आली, जणू भरून आणली होती. अर्ध्या वाटेत मात्र थांबली आणि म्हणाली, "पोरी, आपण हापशाचा अर्ज दिला होता, त्याचं काय झालं?"

तो अर्ज मीच लिहिला होता, तीन वर्षांपूर्वी. वस्तीला हापसा मिळावा, खाली सगळ्यांचे अंगठे. वडील दोन-तीनदा कचेरीत विचारून आले होते. आधी उत्तर मिळायचं, अजून झालं न्हाय. दुष्काळापासून त्याच उत्तराचं पेंडिंग हाय असं झालं होतं.

आत्या म्हणाली, "उद्या जाऊन बघून येऊ. एवढं गाव त्याचं नाव घेतंय, कसं असतंय ते बघितलं पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं आम्ही दोघी गेलो. कचेरी कुठली ते सांगत नाही. त्या काळातल्या सगळ्या सारख्याच होत्या. आत जागा नव्हती म्हणून कपाटं व्हरांड्यात ठेवलेली, आणि कपाटांच्या मध्ये टेबल टाकून एक कारकून बसलेला. चाळिशीतला, किडकिडीत, नाकावर चष्मा. आमच्या गावाचं आणि वस्तीचं नाव ऐकून त्यानं मान वर केली, इकडंतिकडं बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "जय भीम."

आपलाच माणूस. मला बरं वाटलं. आत्याला उलट जास्त राग आला.

"भाऊसाहेब, आमचा हापसा कुठं हाय?"

"पेंडिंग हाय, बाई."

"ते ठाव हाय. पेंडिंग कुठं हाय ते विचारते."

त्याला कळेना. आत्या म्हणाली, "तुमचं पेंडिंग मला डोळ्यानं बघायचंय. इतके दिवस नुसतं नाव ऐकतोय. दाखवा, त्याशिवाय म्या उठत न्हाय." आणि ती खरोखरच खाली मांडी घालून बसली. कचेरीत यायला-जायला तेवढीच वाट होती, त्यामुळं ती जिथं बसली तिथून कुणालाच पुढं जाता येईना.

कारकुनानं थोडा वेळ वाट बघितली. मग उठून कपाट उघडलं आणि लाल फडक्यात बांधलेला हा एवढा बस्ता काढून टेबलावर ठेवला. धूळ उडाली. आत्यानं बस्त्याला हात लावून बघितला. "एवढंच व्हय? म्या म्हणलं, काहीतरी मोठं जनावर असंल."

तेवढ्यात आतून साहेबाची बेल वाजली आणि कारकून आत गेला. आत्यानं एका झटक्यात बस्त्याची गाठ सोडली आणि मला म्हणाली, "वाच."

"आत्या, हे चालत न्हाय."

"न चालणारंच हाय ते. तीन वर्षं कुठं चाललंय? वाच."

मी आमचा अर्ज हुडकायला लागले. कागद मराठीत होते, म्हणून माझी काही अडचण नव्हती. हळूहळू ओठात वाचत होते तर आत्या म्हणाली, "मोठ्यानं वाच, मला कसं कळंल?" मग मी मोठ्यानं वाचायला लागले. अमुक गाव, शाळेचं छप्पर. तमुक गाव, ओढ्यावरची मोरी. अमुक गाव, गुरांचा दवाखाना.

व्हरांड्यात दहा-पंधरा माणसं आपापल्या कामासाठी ताटकळत बसली होती. एकाच्या गावाचं नाव निघालं तसा तो ओरडला, "आमची मोरी! आमची मोरी हाय का त्यात?" मग सगळेच उठून आले. बाहेर चहाच्या टपरीवर बसलेले लोकही आत शिरले. पिकलेल्या दाढीचे एक चाचा गर्दीतून माझ्या कोपराला हात लावून म्हणाले, "बेटी, जरा हमारा बी देखो ना. कब्रस्तान का रस्ता. मेरे हयात में होना, नहीं तो मेरे कू उठाको कहां से ले जाते?" त्यांचा रस्ता खालून तिसरा निघाला. चाचांनी तो कागद हातात घेऊन डोळ्यांना लावला.

मी वाचत होते आणि ज्याचं नाव निघेल तो "हाय, हाय, जित्तं हाय!" म्हणून ओरडत होता. माझ्या आवाजालाही जोर चढला. इंग्रजीत नापास झाल्यापासून एवढ्या माणसांनी माझं वाचन कधी ऐकलं नव्हतं. आणि मग आमच्या वस्तीचा अर्ज निघाला. माझंच अक्षर, खाली अंगठ्यांची रांग. आत्यानं स्वतःचा अंगठा ओळखला.

गलका ऐकून साहेब बाहेर आले. नवीनच बदलून आलेले, तरुण. मागं कारकून, तोंडाचा रंग उडालेला.

"काय चाललंय हे? हा बस्ता कुणी सोडला?"

आत्या उठली. उठल्यावर ती साहेबापेक्षा उंच निघाली. "म्या सोडला, साहेब. गाठ लई दिवसांची होती."

कुणीतरी हसलं. साहेबांनी आमचा अर्ज घेतला, वाचला, तारीख बघितली आणि कारकुनाकडं वळले. "तीन वर्षं? तीन वर्षं हे माझ्यापुढं, आधीच्या साहेबांपुढं का ठेवलं नाही? झोपा काढता का?"

 कारकून चष्मा काढून पुसत राहिला, दोन्ही हातांनी, धोतर पिळल्यासारखा. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला आणखी दोन-चार शब्द सुनावले. मग तिथंच उभ्या उभ्या, कपाटावर कागद टेकवून, सही केली. चाचांच्या रस्त्यावरही केली. बाकीच्यांना सोमवारी या म्हणाले, आणि आत निघून गेले.

आत्यानं बस्त्याची गाठ परत बांधून दिली. आधीपेक्षा घट्ट.

आम्ही बाहेर लिंबाखाली एस्टीची वाट बघत बसलो होतो, तर कारकून तीन कप चहा घेऊन आला. आत्या त्याच्याकडं बघेना.

"आपलाच माणूस बसलाय," ती झाडाला सांगितल्यासारखी म्हणाली, "आन आपलंच पेंडिंग."

"म्हणून तर पेंडिंग हाय, बाई," तो म्हणाला. "नाहीतर कवाच नामंजूर झालं असतं. तुमच्या गावातनं चिठ्ठी आली होती, गावात विहीर हाय, हापशाची गरज न्हाय. आधीच्या साहेबानं तुमच्या अर्जावर पेन्सिलनं लिहिलं, नामंजूर करावे. म्या ते खोडलं आन कागद बस्त्यात सगळ्यात खाली घातला. ते जाईपर्यंत तसाच ठेवला. एकदा नामंजूर झालं की संपलं. पेंडिंगमधी जीव तरी ऱ्हातो."

 मी मघाशी तो कागद हातात घेतला तेव्हा एका कोपऱ्यात खोडल्याचा काळपट डाग होता खरा. मला वाटलं होतं, तेलाचा हात लागला असेल.

"मग मघा साहेबाला का सांगितलं न्हाय?" आत्यानं विचारलं.

"काय सांगू? सरकारी कागदावरचं खोडलं म्हणून?"

आत्यानं चहाचा कप उचलला. घोटभर प्याली. मग म्हणाली, "आन हे साहेब येऊन किती दिवस झाले?"

"अडीच महिने."

"मग अडीच महिने कशाची वाट बघत होता?"

त्यानं हातातला कप खाली ठेवला. शेवटी म्हणाला, "सवय झाली, बाई. लपवायची."

एस्टी आली. आत्या चढता चढता वळून म्हणाली, "चहा चांगला होता." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

पोळ्यानंतर मशीनगाडी आली. वस्तीच्या मधोमध बोर घेतला. दिवसभर नुसती पांढरी धूळ उडत होती आणि आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. दुपार कलली तशी धूळ ओली झाली, मग चिखल आला आणि मग पाणी. वडील कधी रडत नसत. ते त्या चिखलातच उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी तोंड धूत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या विहिरीनं तळ गाठला. टँकर एक दिवस आड यायचा, तोही कधी यायचा नाही. आणि एका सकाळी, आम्ही हापशावर असताना, वरच्या बायका आल्या. पुढं तीच सोनाराची बाई. हातात घागर आणि दुसऱ्या हातात राखेची मूठ. काही न बोलता तिनं हापशाचा दांडा राखेनं घासायला घेतला. आमच्या बायका आत्याकडं बघायला लागल्या. आता ही काय बोलते याच्या भीतीनं आईनं डोळे मिटून घेतले.

आत्या म्हणाली, "घासा, चांगलं घासा. वायसरापर्यंत घासा. न्हायतरी ते काम आमचं पेंडिंगच होतं."

त्या बाईचा हात थांबला. मग तिला हसू आलं, आवरता आवरेना. राख हातातच राहिली. आत्या म्हणाली, "हसून झालं की रांगेत उभ्या ऱ्हावा. हितं वरनं कुणी वतत न्हाय, ज्याचं त्यानं हापसायचं." आणि त्या उभ्या राहिल्या. प्रेमानं नाही, तहानेनं. रोज राख आणणाऱ्याही दोघी-तिघी शेवटपर्यंत होत्या. पण रांग मोडली नाही.

त्याच उन्हाळ्यात कारकून आमच्याकडं येऊ लागला. हापशाची तपासणी म्हणे. पहिल्या वेळी त्यानं दांडा दोनदा हलवून वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या वेळी पाणी पिऊन बघितलं. तिसऱ्या वेळी वहीच विसरून आला. वडिलांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "हापसा तर बरा हाय. तपासणाऱ्यालाच काय झालंय, विचारलं पायजे."

मग तो आपल्या थोरल्या भावाला घेऊन रीतसर आला. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा माणूस, बायको पाच वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. बैठक बसली. पहिल्या बैठकीची आठवण होऊन वडिलांनी आत्याला आधीच बजावलं होतं, पिण्याचं विचारू नको. आत्यानं ते पाळलं. तिनं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "घ्या, भाऊसाहेब."

कारकून खाली मान घालून म्हणाला, "तेवढं 'भाऊ' काढलं तर बरं होईल."

आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. आत्या मात्र पहिल्यांदाच अडखळलेली मी बघितली. ती आत आली, चुलीपाशी बसली, उगाच लाकडं पुढंमागं करत राहिली. वडील आत येऊन हळू म्हणाले, "बळजबरी न्हाय. तुझ्या मनात काय हाय ते सांग."

आत्यानं हातातलं लाकूड चुलीत सारलं. मग म्हणाली, "दादा, ह्या माणसाला चारचौघांत बोल लावला, तर त्यानं तोंड उघडून सोताला वाचवलं न्हाय. आपला कागद वाचवला. भित्रा हाय. पण ठेवायला दिलेलं हरवत न्हाय." आणि थांबून, "उंचीला बी बरोबर हाय. म्या बघितलंय."

लग्न साधंच झालं, बुद्धवंदना घेऊन, वस्तीच्या मोकळ्या जागेत. कचेरीतले तिघं आले होते. कब्रस्तानाचे चाचाही कुठून तरी ऐकून आले, जाफरानी अत्तराची बाटली घेऊन, आणि सगळ्यांच्या मनगटाला लावत फिरले. त्यांचा रस्ता झाला होता. "अब जल्दी नहीं," ते म्हणाले. "रस्ता हो गया तो मरने की जल्दी गई."

दिवाळीला मी वाशीला आत्याकडं गेले; कारकुनाची बदली तिकडंच झाली होती. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, गल्लीत नळ नाही, आड लांब. मी दारात पोचले तेव्हा समोरून मामा येत होते. लग्नानंतर त्यांना मामा म्हणायचं ठरलं होतं. अंगावर कचेरीचा कडक इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा, खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना दोन घागरी, आणि गल्लीतल्या बायका दारादारात उभ्या राहून बघताहेत. तिकडं पुरुषानं पाणी भरलेलं कुणी बघितलं नव्हतं.

आत्या उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. ती उठली नाही. तिनं फक्त पाय बाजूला घेतले, म्हणजे त्यांना घागरी घेऊन आत जाता येईल.

"बस," ती मला म्हणाली, आणि मूठभर शेंगा माझ्या ओटीत टाकल्या. "अजून दोन खेपा हायत त्यांच्या."